टिटवीचे ट्रान्झिस्टर

"...म्हणजे आता सरळ पन्नासवालाच घेऊ ना?"

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग दाराबाहेरच राहिला होता. उरलेला सुनेत्राबरोबर आत आला, तोही खांद्याने चांगले धक्के मारल्यावर.

शांतलाअक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

लावायलाही तितकाच जोर लागला.

जयसिंगपुरातल्या एका बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीत अक्का एकट्या राहत. आयुष्यभर त्यांनी तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर घर पुतण्याला देऊन टाकलं आणि वखारीच्या मुनीमाची ही खोली घेतली. दोन पांढरी लुगडी, एक शेगडी, एक सोल्डरिंग आयर्न. बाकी काही नाही. खोलीला दार मात्र वखारीचंच. सागवानी, बैलगाडी अडेल असं, आणि श्रावणात फुगून बसलेलं.

लोक अक्कांकडे शिकायला येत. अक्का शिकवत नसत. समोर ठेवलेल्या वस्तूवर फक्त बोट ठेवत. कुठला भाग किती तापतो ते बोटाला कळे, आणि बोटाला कळलेलं अक्का सहसा कुणाला सांगत नसत. एखाद्याला कधीतरी "गार आहे" असं ऐकायला मिळे. तो मनुष्य ते पुढे वर्षभर सांगत फिरे.

सुनेत्राला ते अजून ऐकायला मिळालं नव्हतं.

याचं तिला आश्चर्य वाटे. ती इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर होती, आणि वर्गात पहिली आलेली. हे ती स्वतःहून कुणाला सांगत नसे. पण कुणी विचारलंच तर जरा सावकाश सांगे, म्हणजे नीट ऐकू जावं.

वैशाखात तिचं लग्न झालं. मुलीकडून मांडलेल्या रुखवतात लाडवांचे मनोरे होते, साखरेची बाहुली होती, आणि त्या बाहुलीच्या शेजारी एक मोटारगाडी होती. तळहातावर मावेल एवढी, रिमोटवर पळणारी, निळी. सुनेत्राने हॉस्टेलच्या खोलीत स्वतः जोडलेली. मोटार सुरू झाली की ती किंचाळे, म्हणून तिचं नाव टिटवी.

"हे काय गं?" एका चुलतसासूबाईंनी विचारलं होतं.

"गाडी आहे."

"विणलेली आहे का?"

"नाही."

"मग तू काय केलंस त्यात?"

सुनेत्राने तेव्हा नुसती मान खाली घातली होती. नवरीला ते शोभतं.

सासर मात्र तिला नशिबाने मिळालं. म्हणजे नवरा श्रेयांस बरा होता हे खरंच, पण त्याहून मोठं नशीब हे की त्याचा धाकटा भाऊ भरतेश असल्याच गाड्या पळवायचा, आणि गावात अशांची एक मंडळीच होती. चातुर्मासात लग्नं नसतात. मगदूमकाकांचं मंगल कार्यालय रिकामं पडतं. मग त्याच दिवाणखान्यात, मांडवाच्या पट्ट्या जमिनीवर मांडून वाट आखायची आणि शर्यती लावायच्या, ही तिथली जुनी चाल.

त्या मंडळीची अंतिम शर्यत घड्याळावर होत नसे. मगदूमकाका एका निरांजनात चमचाभर तूप घालून वात पेटवत. ज्योत विझेपर्यंत शर्यत. सेल एकदाच घालायचे. ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला.

आणि ज्याची गाडी ज्योतीच्या आधी बंद पडली, तिची पंगत.

म्हणजे केळीचं पान मांडायचं, गाडी त्यावर ठेवायची, स्क्रू काढायचे आणि ती सगळ्यांना वाढायची. कुणाला चाक, कुणाला मोटार, कुणाला नुसता एक स्क्रू. लग्नातले उरलेले द्रोण त्याच कामी येत. गाडी परत जोडायची नाही, असा नियम. पहिला घास जिंकणाऱ्याचा. त्याने घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही.

हा नियम सुनेत्राला लग्नानंतर कळला. टिटवीचं नाव तोवर शर्यतीत घालून झालं होतं.

"वहिनी, केळीचं पान आत्ताच धुवून ठेवू का?" भरतेश रोज जेवताना विचारी.

"धुवा भाऊजी. तुम्हालाच लागेल."

असं ती म्हणे खरी. पण शर्यत चार दिवसांवर आली होती आणि टिटवी सरावात दोनदा जळाली होती.

दोष मोटारीचा नव्हता. मोटार नवी होती, तापट होती, भरपूर वीज खायची. जळत होते ते ट्रान्झिस्टर. तुरीच्या डाळीएवढे, तीन पायांचे. एका पायाने वीज आत घ्यायची, दुसऱ्याने मोटारीकडे सोडायची. तिसरा पाय हुकूम ऐकायचा : उघड, किंवा मीट. गाडीत मूळचे होते ते जुन्या मोटारीपुरते होते. नवीपुढे ते टिकणार नाहीत हे ओळखून सुनेत्राने तीस अँपिअरवाले मागवून बसवले. मूळच्यांच्या कितीतरी पट दांडगे.

तेही जळाले. दोन्ही वेळा.

म्हणून ती आज वखारीत आली होती.

"तीसवाला का जळाला?" अक्कांनी विचारलं. एक खडा त्यांनी अंगठ्याने बाजूला सारला.

"लहान पडला."

"म्हणून पन्नासवाला."

"हो."

"तोही जळाला तर?"

"शंभरवाला मिळतो."

"मिळू दे," अक्का म्हणाल्या.

सुनेत्राने जळालेला बोर्ड त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर काळा डाग होता, काजळाच्या बोटासारखा. अक्कांनी डागावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"कधी जळाला?"

"परवा. सरावात."

"दिवस नाही विचारला. सरावाच्या सुरुवातीला की शेवटी?"

सुनेत्राने आठवून पाहिलं. दोन्ही वेळा टिटवी आधी झकास पळाली होती. भरतेशने जेवणाच्या टेबलावर कबूल केलं होतं की एवढी पळणारी गाडी त्याने पाहिली नाही. मग ती जरा मंदावली, आणि मग वास आला.

"शेवटी," ती म्हणाली.

"सेल ताजे असताना नाही."

"नाही."

"सगळ्यात जास्त वीज ओढत होती तेव्हा नाही."

"...नाही."

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

"पाणी आण," त्या म्हणाल्या.

"अं?"

"मागे आड आहे. दोन घागरी. गाळणं दोरीवर वाळतंय, ते आधी घागरीच्या तोंडाला बांध."

सुनेत्राला राग आला. ती ट्रान्झिस्टर विचारायला आली होती, पाणी भरायला नाही. सासरी नळ होता. नव्या सुनेला पहिले सहा महिने कुणी घागर उचलू देत नाही, उलट सगळे काळजीने खा-खा म्हणतात, आणि इथे ही म्हातारी...

पण ती उठली. सागवानी दाराला तिने ताठ हातांनी असा हिसका दिला की ते एकदम उघडलं. रागात जोर फार असतो.

आड खोल होता. गाळण्यातून पाणी सावकाश उतरायचं. पहिली घागर भरेपर्यंत राग निम्मा झाला, दुसरी भरेपर्यंत उरलाच नाही. नुसते हात उरले, आणि ते दुखत होते. एक घागर कमरेवर, एक हातात, अशी ती वखारीला वळसा घालून पुढे आली.

दार परत घट्ट लावलेलं होतं.

तिने कोपराने ढकललं. मग पाठ लावली. कमरेवरचं पाणी हिंदकळून परकरात गेलं.

"अक्का, दार..."

"उघडंच आहे," आतून आवाज आला. "कडी नाही."

"लागलंय घट्ट."

"जोर लाव."

"हात भरलेत माझे."

"मघाशी तर उघडलंस."

"मघाशी हात रिकामे होते, अक्का."



सुनेत्रा तशीच उभी राहिली. घागर खाली ठेवायची तर गाळलेलं पाणी चिखलात, आणि न ठेवावी तर दार उघडेना. एवढ्यात शेजारच्यांची शेळी तिच्याजवळून गेली. नवी सून बघून थांबावं, इतकीही माणुसकी तिने दाखवली नाही. वखारीच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली. मग पत्रा करकरला.

सुनेत्रा तिच्या मागे गेली.

बाजूच्या भिंतीत एक पत्र्याचं दार होतं. तारेवर टांगलेलं, गंजकं, कोंबडीलाही आवरणार नाही असं. शेळीने ते नाकाने उघडलं होतं. आता ते परत मिटून हलत होतं. सुनेत्राने गुडघा नुसता टेकवला.

ती आत होती.

अक्का शेळीला तांदळातून निवडलेल्या साळी चारत होत्या.

"तू शहाणी," त्या शेळीला म्हणाल्या.

सुनेत्राने घागरी ठेवल्या. तिच्या बोटांना कापरं भरलं होतं. अक्कांनी ती बोटं पाहिली.

"जाताना दार उघडलं."

"हो."

"येताना नाही."

"नाही."

"दार बदललं?"

सुनेत्राने सागवानी दाराकडे वळून पाहिलं.

"तुझ्या गाडीत सेल किती?"

"चार. पेन्सिलसेल."

"निरांजन पेटताना ते कसे असतात?"

"ताजे."

"विझायला येतं तेव्हा?"

 सुनेत्रा आपल्या बोटांकडे बघत होती.

तिला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत तिने हे लिहिलंही होतं, आणि त्याला गुण मिळाले होते. तिसऱ्या पायाला पुरेसा दाब मिळाला तरच ट्रान्झिस्टर पुरता उघडतो. दांडगे ट्रान्झिस्टर दाबही दांडगा मागतात. त्यांची सगळी कीर्ती दहा व्होल्टवरची. चार पेन्सिलसेलांकडे ताजे असताना जेमतेम सहा. त्यावर ते कसेबसे उघडतात, आणि सेल थकले की तेवढेही नाही. मग ते ना उघडे ना मिटलेले, अर्धवट राहतात. अर्ध्या उघड्या फटीतून सगळी वीज रेटून जाते. रेटारेटीत तापतात. तापून जळतात.

पन्नासवाला आणखी जोर मागणार. शंभरवाला त्याहून.

एवढं सगळं तिला येत होतं. फक्त ताकदीचे आकडे बघताना तिने तिसऱ्या पायाला काही विचारलं नव्हतं.

"अक्का, मग लहानच घेऊ?"

"मी लहान म्हटलं?"

"नाही..."

"शेळीला घेऊन जा बाहेर. कुठल्या दाराने न्यायची ते तिला ठाऊक आहे."

घरी आल्यावर सुनेत्राने नमुन्यांची डबी उघडली. नापसंत म्हणून बाजूला टाकलेले बरेच ट्रान्झिस्टर तिच्यात होते. त्यांचे आकडे बघून तिला हसू आलं होतं. वीसवाले, पंधरावाले, एक तर बारावाला.

ताज्या सेलांवर सगळेच गुणी वाटले असते. म्हणून तिने घरातले सगळ्यात थकलेले सेल शोधले. ते सासूबाईंच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये होते. रोज संध्याकाळी सासूबाई तो मांडीवर आपटत, मग सेल बोटाने फिरवत, मग पुन्हा आपटत, आणि मग टीव्ही लागे.

तिने रिमोटमधले दोन काढले, भिंतीवरच्या घड्याळातला एक, आणि एक दाराच्या बेलमधला. चौघांना एका पट्टीत बसवलं. त्या मरगळलेल्या सेलांवर एकेक ट्रान्झिस्टर जोडून तिने मोटार फिरवली आणि प्रत्येकावर बोट ठेवलं.

तीसवाला चटकन भाजला. वीसवाल्यांपैकी एक तापला, एक कोमट झाला. पंधरावाला कोमट.

बारावाल्यावर तिने बोट ठेवलं आणि वाट पाहिली. मोटार किंचाळत होती. बोटाला काही कळेना. ट्रान्झिस्टर जोडलाच नाही की काय, म्हणून तिने वाकून पाहिलं.

जोडलेला होता. मोटारीची भूक त्याच्या आवाक्यातली होती, आणि अडीच व्होल्टमध्ये तो पुरता उघडत होता.

"सूनबाई," सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात रिमोट. "याचं आज काही केल्या होत नाही गं. खूप आपटला."

"सेल संपलेत, आई."

"असं कसं? चांगले चालत होते की आपटल्यावर."

सुनेत्राने त्यांना नवे सेल घालून दिले. एका दाबात टीव्ही लागला. सासूबाई दचकल्या.

टिटवीत तिने बारावाले बसवले. मग ती भरतेशकडे गेली. जाताना तिला स्वतःचा थोडा रागच आला, पण गेली. कारण तीसवाल्यांचं नाव त्याने तिच्याच तोंडून ऐकलं होतं. जेवताना, तिने जरा सावकाश सांगितलेलं. त्यानेही तेच मागवले होते आणि एकावर एक तीन चढवून आपल्या लाल गाडीत बसवले होते. मंडळीत तिला तिमजली म्हणत.

"भाऊजी, ते तीसवाले काढा."

"का हो वहिनी?"

"शेवटी शेवटी जळतात. सेल थकले की पुरते उघडत नाहीत."

भरतेशने तिच्याकडे बघितलं. मग टिटवीकडे.

"तुम्ही कुठले बसवलेत?"

"बारावाले."

तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

"वहिनी, तुमचा एकेकटा होता, म्हणून जळाला. माझे तिघं तिघं आहेत. एकमेकांना सांभाळून घेतात. तुम्ही मला घाबरवू नका, उद्या परवा पान मांडायचंय तुमचं."

"मी सांगायचं काम केलं."

"केलंत. आता वाढायचं काम मी करतो."

अंतिम शर्यतीच्या दिवशी दिवाणखान्यात अत्तराचा आणि जुन्या फुलांचा वास तसाच होता. सुनेत्रा इथे पहिल्यांदा आली होती ती शालू नेसून, मान खाली घालून. आजही तिने मान खालीच घातली होती. गाडी जमिनीवर पळते.

वाट दिवाणखान्याला वेढा घालून बोहल्याजवळ वळत होती. रुखवताच्या टेबलावर आज निरांजन होतं. त्याच्याशेजारी, धुतलेलं, केळीचं पान.

"अहो, फेऱ्या नीट मोजा," ती श्रेयांसला म्हणाली. घरी ती त्याला श्रेयांसच म्हणे, पण इथे मगदूमकाका होते.

"बायकोच्या बाजूने मोजू की भावाच्या?"

"बोटांनी मोजा."

मगदूमकाकांनी वात पेटवली.

तिमजली सुटली ती बाण सुटावा तशी. ताज्या सेलांचा जोर होता. भरतेशचे तिन्ही मजले शक्य तेवढे उघडले आणि लाल गाडीने पहिल्याच वळणावर सगळ्यांना मागे टाकलं. टिटवी किंचाळत मागून गेली. बाकीच्या गाड्या तिच्या मागे. पाहता पाहता तिमजलीने टिटवीला एक फेरी चढवली, आणि मग दुसरी.

"वहिनी, बाजू द्या," भरतेश म्हणाला.

सुनेत्राने बाजू दिली. तिचे अंगठे हलत होते, बाकी ती हलत नव्हती.

काहींच्या गाड्या वळणावर आपटल्या, पण त्यांनी त्या पुन्हा सावरल्या. तूप खाली गेलं. ज्योत उंच होती ती बसकी झाली.

लाल गाडी पुढेच होती. पण आता बोहल्याजवळच्या वळणावर ती पूर्वीसारखी झेपावत नव्हती. टिटवी तशीच होती. ना जास्त, ना कमी. सेल तिचेही थकले होते, थोडी हळू झाली होती, पण तिच्या किंचाळण्यात खोट नव्हती. तिने एक फेरी परत घेतली.

भरतेशने रिमोट आणखी घट्ट धरला. खटका पुरता दाबला. त्याहून पुढे दाबायला जागा नव्हती, तरी तो दाबत राहिला.

"दमाने, भाऊजी," सुनेत्रा म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं होतं.

"तुम्ही तुमचं बघा."

मग वास आला.

तो वास तिला ओळखीचा होता. तिमजली बोहल्याच्या अलीकडे मंदावली, एक हिसका दिला, आणि थांबली. तिच्या निळसर धुराची रेघ सरळ वर गेली, उदबत्तीसारखी.



"अजून एका फेरीने भरतेशच पुढे," श्रेयांस म्हणाला. त्याने बोटांनीच मोजलं होतं.

सगळ्यांनी निरांजनाकडे बघितलं. ज्योत वातीच्या टोकाला चिकटून होती. एक फेरी झाली तर बरोबरी, दोन झाल्या तर...

टिटवी निघाली. स्वयंपाकघराच्या दारावरून, नवरदेवाच्या खोलीवरून, थांबलेल्या लाल गाडीला अगदी अंग चोरून वळसा घालून, रुखवताच्या टेबलाखालून. बरोबरी.  मगदूमकाकांनी पंखे केव्हाच बंद केले होते, तरी ज्योत थरथरली. टिटवी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारावर आली. आवाज तोच. पुन्हा नवरदेवाची खोली, पुन्हा बोहलं. ज्योत निळी झाली. टिटवी टेबलाखाली शिरली, पलीकडून बाहेर आली, आणि रेघ ओलांडून आणखी चार हात पुढे गेली.

मग वात विझली.

"सुनेत्रा चौगुले," मगदूमकाका म्हणाले.  "एका फेरीने."

ज्या चुलतसासूबाईंनी विणलेली आहे का विचारलं होतं, त्या भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सुनेची. रुखवतातच आली होती. मी तेव्हाच बघितली होती नीट."

पान मांडलं गेलं. लाल गाडी त्याच्यावर ठेवली. द्रोण फिरले. सगळे मांडी घालून बसले, आणि भरतेशही बसला, कारण ज्याची गाडी त्यानेही पंगतीला बसायचं असतं. स्क्रू त्यानेच काढायचे असतात. बारावीत असताना त्याने ती गाडी केली होती. आता तो स्क्रू-ड्रायव्हर नुसता फिरवत होता, बोटातल्या बोटात.

"घ्या," मगदूमकाका सुनेत्राला म्हणाले. "पहिला घास तुमचा."

सगळे थांबले. द्रोण हातात धरून.

सुनेत्राने पानाकडे बघितलं. गाडीची मोटार उत्तम होती. चाकं तर तिला केव्हापासून हवी होती...

"मला भूक नाही," ती म्हणाली.

"अं?"

"पोट भरलंय, काका."

मगदूमकाका तिच्याकडे बघत राहिले. मग नियम त्यांच्या ध्यानात आला. तो त्यांनीच केलेला होता.

"तुम्ही घेतल्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही."

"हो ना."

"मग कधी जेवणार?"

"घाई नाही," सुनेत्रा म्हणाली. "तोवर भाऊजींकडे राहू दे. खराब होऊ नये म्हणून."

आधी श्रेयांस हसला. मग सगळे. भरतेश हसला नाही. त्याने गाडी पानावरून उचलली, पदरात घ्यावं तशी सदऱ्याच्या टोकात धरली, आणि द्रोण चोळामोळा करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्रा वखारीवर गेली. आधी आडावर गेली. गाळणं बांधलं, दोन घागरी भरल्या. टिटवी तिने ओच्यात खोचली होती. पत्र्याचं दार तिने गुडघ्याने उघडलं.

"अक्का."

"हं."

"पाणी."

"दिसतंय."

तिने टिटवी काढून रिमोटचा खटका दाबला. सेल कालचेच होते. हातातल्या हातात चाकं फिरू लागली, टिटवी किंचाळली. सुनेत्राने गाडीचं झाकण उघडून अक्कांपुढे धरलं.

अक्कांनी बारावाल्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं...

"गार आहे," त्या म्हणाल्या.

  हे पुढे वर्षभर सावकाश सांगता येईल असा विचार सुनेत्राच्या मनात आला, आणि तिचं तिलाच हसू आलं.

तेवढ्यात सागवानी दारावर धाडकन थाप पडली.

"अक्का! मी भरतेश. वहिनींनी बसवलेत ते नेमके कुठले, तेवढं नाव सांगा. मी त्याच्याहून मोठा मागवतो."

मग खांदा. मग लाथ. चौकटीभोवतीचा चुना खाली पडला, दार हललं नाही.

"अक्का, दार उघडा की."

सुनेत्रा उठली. अक्कांनी तिचा पदर धरला.

"बस गं," त्या म्हणाल्या. "अजून जोर आहे त्याच्या हातात."